टांकसाळ, हुंडी आणि पेव : सातारा-सांगली परिसरातील खाजगी मूल्यचिन्हे व त्यांचे नियमन

१. प्रश्नाचे स्वरूप

मूल्याचे चिन्ह कोणी काढावे, ते खोटे निघाल्यास कोणी भरून द्यावे आणि त्याविषयीची तक्रार कोणापुढे न्यावी, हे तीन प्रश्न चलनाच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित होतात. क्रिप्टोकरन्सी अथवा कूटचलन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालमत्तेसंबंधी भारतात जो कायदेशीर वाद चालू आहे त्याच्या मुळाशी हेच तीन प्रश्न आहेत. ऑक्टोबर २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधात बिटकॉइनची कल्पना प्रथम मांडली गेली आणि जानेवारी २००९ मध्ये ती प्रत्यक्षात उतरली. या नाण्यांची एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाऊ नये अशी व्यवस्था त्याच्या रचनेतच आहे. व्यवहारांची वही कोणा एका पेढीवर नसून जाळ्यात सामील झालेल्या अनेक संगणकांवर एकाच वेळी राहते. परिणामी, हे नाणे अमुक इसमाने अथवा अमुक संस्थेने काढले असे बोट दाखवून सांगता येत नाही. कायद्याची खरी अडचण येथे सुरू होते.

ही स्थिती सर्वस्वी अपूर्व आहे असे मानण्याकडे सामान्यतः कल असतो. यंत्र अपूर्व आहे यात शंका नाही. परंतु सरकारने न काढलेले मूल्यचिन्ह लोकांनी विश्वासाने स्वीकारावे, त्यावर सट्टा व्हावा, त्यात काहींचे द्रव्य बुडावे आणि मग राजसत्तेने त्यात हात घालावा, हा क्रम मात्र जुना आहे. कृष्णाकाठच्या ज्या प्रदेशाचे आज सातारा व सांगली असे दोन जिल्हे आहेत, तेथे तो निदान तीन वेळा घडलेला दिसतो : प्रथम टांकसाळींच्या बाबतीत, नंतर हुंडीच्या बाबतीत आणि अखेरीस हळदीच्या वायदेबाजारात. हा प्रदेश एकेकाळी एकाच जिल्ह्यात मोडत असे. १९४८ मध्ये सांगली, मिरज इत्यादी संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा करण्यात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. छत्रपतींची राजधानी, पटवर्धनांची जहागीर आणि व्यापारी पेठ ही तिन्ही अंगे येथे जवळजवळ असल्यामुळे राजसत्ता व खाजगी पत यांचे नाते तपासण्यास हा परिसर विशेष सोयीचा आहे.

२. खाजगी टांकसाळी आणि परवान्याची पद्धत

शिवाजी महाराजांनी १६७४ मधील राज्याभिषेकाच्या सुमारास सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही नाणी पाडली. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेली शिवराई त्यांच्या निधनानंतरही दीर्घकाळ पाडली जात राहिली आणि एकोणिसाव्या शतकातही ती लोकांच्या हातात खेळत होती. रुपयाची गोष्ट याहून चमत्कारिक होती. अठराव्या शतकात मराठी मुलखात पाडलेल्या चांदीच्या रुपयांवर बहुधा दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. पुण्याच्या अंकुशी रुपयावरील अंकुश, अथवा अशीच एखादी खूण, एवढ्यावरून तो कोठला हे जाणत्याने ओळखावे अशी रीत होती.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नाण्यावर ज्याचे नाव आहे तो त्या नाण्यास जबाबदार नव्हता आणि जो जबाबदार होता त्याचे नाव नाण्यावर नव्हते. दिल्लीचा बादशहा मिरजेतील अथवा वाईतील वाण्याला कमी कसाच्या रुपयाची भरपाई देणार नव्हता. भरवसा होता तो सराफावर. सराफ नाणे वाजवून, तोलून व कसास लावून पाही आणि त्यानुसार बट्टा ठरवी. एकाच बाजारात अनेक प्रकारचे रुपये चालत असल्यामुळे बट्टा हा अपवाद नव्हता, नित्याचा खर्च होता. शेतकऱ्याने ज्या नाण्यात धान्य विकले त्याच नाण्यात सरकारसारा स्वीकारला जाईलच असे नसल्याने हा खर्च अखेरीस बहुधा त्याच्याच पदरी पडे.

टांकसाळी बहुतांशी खाजगी हातात असत. सोनार अथवा सावकार सरकारात अर्ज करी आणि ठराविक मुदतीची सनद मिळवी. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी राज्यातील चलन व टांकसाळी या विषयावर लिहिलेल्या निबंधात आणि पुढे सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात या सनदांचा परामर्श घेतला आहे. त्यांत नाण्याचे वजन लिहिलेले असे, सरकारास द्यावयाची रक्कम लिहिलेली असे आणि नाणे हलके निघाल्यास दंडाची तरतूद असे. म्हणजे सरकार जी फी घेई ती नुसती वसुली नव्हती. त्या फीच्या मोबदल्यात परवानगी मिळे आणि परवानगीबरोबर वजनाचे व कसाचे बंधन येई. कर, मान्यता आणि तपासणी ही तिन्ही एकाच कागदावर असत.

ही पद्धत कोठे मोडली हे पाहणेही तितकेच महत्त्वाचे आहे. वाईच्या रास्ते या सावकार घराण्यातील मल्हार भिकाजी रास्ते यांच्याकडे बागलकोट भागाचा कारभार असताना तेथे पाडलेला रुपया ‘मल्हारशाही’ या नावाने प्रसिद्ध झाला आणि दक्षिण महाराष्ट्रात दूरवर चालला. वजनदार सरदाराचे नाव हीच त्या रुपयाची हमी होती. परंतु कृष्णेच्या दक्षिणेस जमीनदार व स्थानिक अधिकारी यांनी जागोजाग टांकसाळी घालून हलके होन, मोहरा व रुपये काढण्यास प्रारंभ केला. तेव्हा थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत, १७६५ मध्ये, या टांकसाळी बंद करून धारवाड येथे एकच मध्यवर्ती टांकसाळ घालण्याचा व ती पांडुरंग मुरार यांच्या हवाली करण्याचा निर्णय झाला. येथे हे ध्यानात घेतले पाहिजे की पेशव्यांनी खाजगी टांकसाळ ही कल्पनाच निषिद्ध ठरविली नाही. ज्यांच्या नाण्याची तपासणी होऊ शकत नव्हती त्या बंद केल्या. तथापि आज्ञा निघाली म्हणून बाजारातील भेसळ नाहीशी झाली नाही. पुण्याची सत्ता जेथवर पोचे तेथवरच आज्ञा पोचे आणि त्यापलीकडे पुन्हा सराफाच्या कसोटीचाच आधार होता.

३. एक रुपया, एक सत्ता

१८१८ नंतर कंपनी सरकारने या प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने साताऱ्याचे राज्य प्रतापसिंह महाराजांकडे राहिले आणि पटवर्धन जहागीरदारही आपापल्या मुलखात कायम झाले. परंतु नाण्यांच्या बाबतीत कंपनीचे धोरण एकीकरणाचे होते. १८३५ च्या सतराव्या अधिनियमाने १८० ग्रेन वजनाचा व १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा एकच रुपया कंपनीच्या सर्व मुलखासाठी ठरविण्यात आला. १८४८ मध्ये शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज निपुत्रिक वारले आणि डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. सांगली व मिरज ही संस्थाने पुढे शंभर वर्षे टिकली, परंतु विसाव्या शतकात त्यांच्या बाजारात ब्रिटिश रुपयाच चालत होता.

यानंतरच्या कायद्यांनी खाजगी चलनाची एकेक वाट बंद केली. १८६१ च्या कागदी चलनाच्या अधिनियमाने इलाख्याच्या बँकांचा नोटा काढण्याचा अधिकार सरकारकडे घेतला. १८८९ च्या धातुचिन्हविषयक अधिनियमाने नाण्याप्रमाणे वापरता येतील असे धातूचे तुकडे पाडण्यास व चालविण्यास खाजगी इसमांना मनाई केली. १९३४ च्या रिझर्व्ह बँक अधिनियमाने नोटा काढण्याचा एकाधिकार बँकेस दिला आणि त्याच्या ३१ व्या कलमाने धारकास मागणीबरोबर देय असे वचनपत्र काढण्यास इतरांना बंदी केली. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत ३६ व्या नोंदीखाली चलन, नाणी व वैध चलन हा विषय केंद्राकडे आला. १८८९ चा कायदा पुढे २०११ च्या नाणे अधिनियमात विलीन झाला आणि मूळची मनाई त्यात कायम राहिली.

या मालिकेत एक दिवस विशेष लक्षणीय आहे. २६ जून १८९३ रोजी सरकारी टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या. तोपर्यंत कोणीही चांदी नेऊन द्यावी व रुपये पाडून घ्यावेत अशी मुभा होती. त्या दिवसापासून रुपयाचे मूल्य त्यातील चांदीवर अवलंबून राहिले नाही. सरकारच्या पतीवर व ते किती रुपये पाडते यावर ते अवलंबून राहू लागले. म्हणून ‘कूटचलनामागे काहीच नाही’ हा आक्षेप जसाच्या तसा उपयोगाचा नाही. धातूच्या अर्थाने आजच्या रुपयामागेही काही नाही. भेद निराळा आहे. रुपयामागे जबाबदार अशी एक संस्था आहे आणि बिटकॉइनमागे ती नाही.

आणखी एक गोष्ट या कायद्यांच्या शब्दांवरून दिसते. एका कायद्याने धातूचा तुकडा मनाई केला, दुसऱ्याने वचनाचा कागद. ज्यात धातूही नाही आणि वचनही नाही असे मूल्यचिन्ह या दोहोंच्या मधून निसटते. १८८९ व १९३४ च्या कायदेकारांना त्याची कल्पना असणे शक्यच नव्हते.

४. हुंडी : रूढीस मिळालेली मान्यता

नाणे जड आणि वाटा असुरक्षित, म्हणून मोठ्या रकमा हुंडीने जात. पटवर्धनी दप्तरातील कागद मिरजेस राहून वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने प्रसिद्ध केले. मोहिमेवरील फौजेचा खर्च भागविण्यासाठी सावकाराच्या पतीवर किती अवलंबून राहावे लागे याची कल्पना अशा पत्रव्यवहारावरून येते. हुंडी हे सरकारने न काढलेले आणि तरीही सरकारने स्वतः वापरलेले मूल्यचिन्ह होते.

हुंडीतील सुरक्षिततेची योजना सूक्ष्म होती. दर्शनी हुंडी दाखविताच देय, मुदती हुंडी ठराविक दिवसांनी देय. धनीजोग हुंडीचे पैसे धन्यास मिळत, तर शाहजोग हुंडीचे पैसे केवळ शाहास, म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यास मिळत. शाहजोग हुंडी चोरीची अथवा बनावट निघाल्यास पैसे घेणाऱ्या शाहाने ते परत करावे आणि आपणास ती कोणाकडून मिळाली हे सांगावे, अशी रूढी होती. हुंडी गहाळ झाल्यास पेठ, तीही गहाळ झाल्यास परपेठ निघे. जोखमी हुंडीत माल सुखरूप पोचण्यावर देणे अवलंबून असे. पैसे चुकते झाल्यावर हुंडीचा खोका होऊन ती रद्द होई. हरविल्यास काय, चोरीस गेल्यास काय, खोटी निघाल्यास काय, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कोणताही अधिनियम होण्यापूर्वीच रूढीत तयार होते.

ब्रिटिश सरकारने हुंडीच्या बाबतीत टांकसाळीचे धोरण स्वीकारले नाही. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या पहिल्याच कलमात देशी भाषांत लिहिलेल्या संलेखांविषयीच्या स्थानिक रूढी राखून ठेवण्यात आल्या. पक्षकारांनी स्पष्ट शब्दांनी तसे ठरविल्यासच अधिनियम लागू व्हावा, एरवी रूढी चालावी, असा त्याचा आशय आहे. नाणे हा राजसत्तेचा मान होता, म्हणून तेथे मनाई झाली. हुंडी ही दोन पेढ्यांमधील जबाबदारी होती, म्हणून तेथे मान्यता मिळाली. या फरकाचे खरे कारण असे की हुंडीत जबाबदार कोण हे नेहमी सांगता येत असे. शाहजोग हुंडीतील शाह हा आजच्या परिभाषेत ‘ग्राहकाची ओळख पटविणारा मध्यस्थ’ होता. मात्र त्याच्यावर केवळ नाव सांगण्याचे दायित्व नव्हते, पैसे परत करण्याचेही होते.

५. पेव : मालाचा कागद आणि मालाची मालकी

सांगलीस या प्रश्नाने तिसरे रूप घेतले. सांगलीजवळ कृष्णा-वारणा संगमावर असलेल्या हरिपूर परिसरात जमिनीखाली खणलेल्या पेवांत हळद साठविण्याची जुनी पद्धत आहे. तोंड बंद केलेल्या पेवात हळद दीर्घकाळ टिकते. अर्थात माल भुईत पुरलेला असताना त्याची खरेदी-विक्री व्हावयाची तर प्रत्येक वेळी पेव उघडून पाहणे शक्य नसते. व्यवहार नोंदीवर आणि अडत्याच्या शब्दावर चालतो. या पेठेत हळदीच्या वायद्याचा बाजार वाढला यात नवल नाही.

वायदा आणि जुगार यांतील सीमारेषा कायद्याला सहजी सापडली नाही. १८७२ च्या करार अधिनियमाच्या ३० व्या कलमाने पैजेचा करार निरर्थक ठरविला आणि मुंबई इलाख्यात १८६५ च्या अधिनियमान्वये अशा पैजेस साहाय्यभूत होणारे करारही निरर्थक होते. तथापि माल देण्याघेण्याचा खरा हेतू होता की केवळ भावातील फरक चुकविण्याचा, हे प्रत्येक वादात पुराव्याने ठरवावे लागे. स्वातंत्र्यानंतर निराळा मार्ग निघाला. संविधानातील संघसूचीच्या ४८ व्या नोंदीखाली वायदेबाजार हा केंद्राचा विषय झाला आणि १९५२ चा वायदे करार (नियमन) अधिनियम संमत झाला. ज्या मालाचे वायदे चालू द्यावयाचे त्यासाठी मान्यताप्राप्त संस्था, तिचे नियम, तिची पुस्तके आणि तिच्यावर वायदे बाजार आयोगाची देखरेख, अशी ही व्यवस्था होती. सांगलीचे स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज हे हळदीच्या वायद्यासाठी मान्यता मिळालेले असेच एक बाजारगृह होते. पेशव्यांच्या सनदेतील तत्त्व येथे नव्या रूपाने परत आले : परवानगी हवी, तर पुस्तके उघडी ठेवा.

या व्यवस्थेची उणीव उघडकीस आली ती सांगलीत नव्हे, मुंबईत. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या बाजारगृहाचे व्यवहार ३१ जुलै २०१३ रोजी बंद पडले आणि सुमारे ५,६०० कोटी रुपयांचे देणे थकले. कोठारात माल आहे असे सांगणाऱ्या पावत्या होत्या, परंतु पुष्कळ ठिकाणी माल नव्हता. हे बाजारगृह वायद्याच्या कायद्यातील सवलतीखाली चालत असल्याने त्यावर नेहमीची देखरेख नव्हती. या आपत्तीनंतर २८ सप्टेंबर २०१५ रोजी वायदे बाजार आयोग सेबीमध्ये विलीन करण्यात आला. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा अधिनियम या बाजारगृहास लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ रोजी दिला. दरम्यान २००७ च्या वखार (विकास व नियमन) अधिनियमाने कोठाराच्या पावतीस परक्राम्यता दिली आणि २०१७ मध्ये अशी पावती विद्युत-स्वरूपात निघू लागली. ही पावतीही डिजिटल मालमत्ताच होय. परंतु तिच्यामागे नोंदणी झालेले कोठार आहे, त्याचा चालक आहे आणि मालाची प्रत नोंदलेली आहे.

पेवाने आणखी एक कायदेशीर धडा दिला आहे. २००५ च्या महापुरात हरिपूर परिसरातील पेवांत पाणी शिरले व साठविलेल्या हळदीचे मोठे नुकसान झाले. अशा प्रसंगी पहिला प्रश्न असा येतो की भिजलेली हळद कोणाची ? १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या १८ व्या कलमाप्रमाणे माल निश्चित झाल्याखेरीज त्याची मालकी बदलत नाही आणि २६ व्या कलमाप्रमाणे सामान्यतः जोखीम मालकीबरोबर जाते. अमुक पेवातील अमुक माल असे ठरले असेल तर तोटा त्या मालकाचा. ढिगातील काही पोती एवढेच ठरले असेल तर तोटा अजून विकणाऱ्याचाच. हा भेद वरवर पाहता किरकोळ वाटतो, परंतु कूटचलनाच्या अलीकडील वादांत तोच निर्णायक ठरला आहे.

६. प्रचलित कायद्याची स्थिती

रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ रोजी आभासी चलनाविषयी जनतेला पहिला इशारा दिला आणि २०१७ मध्ये त्याची पुनरुक्ती केली. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने तिने आपल्या नियंत्रणाखालील बँकांना अशा चलनाचा व्यवहार करणाऱ्यांना सेवा देण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेच्या याचिकेवर निर्णय देताना हे परिपत्रक रद्द केले. न्यायालयाने बँकेचा नियमनाचा अधिकार मान्य केला. तथापि कूटचलनावर कायद्याने बंदी नसताना, आणि त्यामुळे बँकांचे काही नुकसान झाल्याचे दाखविता आले नसताना, एका व्यवसायाची बँकसेवाच तोडणे हे प्रमाणाबाहेर आहे, असे न्यायालयाचे मत पडले. २०१९ मध्ये सुभाषचंद्र गर्ग समितीने सुचविलेले बंदीचे विधेयक कायद्यात उतरले नाही.

बंदीच्या मर्यादेचे एक उदाहरण या परिसराला जवळचे आहे. खानापूर-विटा व आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक सोन्याचांदीचा कस पाहण्याच्या व ते गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पसरलेले आहेत. जानेवारी १९६३ च्या सुवर्णनियंत्रण नियमांनी १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली आणि १९६८ मध्ये स्वतंत्र अधिनियम आला. सोन्याची ओढ कमी झाली नाही, चोरटी आयात वाढली, आणि १९९० मध्ये तो अधिनियम रद्द करावा लागला. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आलेली हॉलमार्कची सक्ती हे निराळ्या जातीचे नियमन आहे. ते सोने बाळगण्यास मनाई करीत नाही, कस दाखविण्यास भाग पाडते.

कूटचलनाच्या बाबतीत मात्र बंदीनंतर कसोटी आली नाही, कर आला. २०२२ च्या वित्त अधिनियमाने ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ ही संज्ञा आयकर कायद्यात घातली. तिच्या हस्तांतरणावरील नफ्यावर ३० टक्के कर, खरेदीकिमतीखेरीज कोणतीही वजावट नाही, तोटा अन्य नफ्यातून वळता करून घेण्याची मुभा नाही आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का करकपात, अशी ही योजना आहे. कर आकारल्याने या मालमत्तेस वैधता मिळत नाही, असे केंद्रीय अर्थमंत्र्यांनी त्याच वेळी संसदेत स्पष्ट केले. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने या मालमत्तेचा व्यवहार करणाऱ्या पेढ्यांना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आणले. ग्राहकाची ओळख पटविणे व संशयित व्यवहारांची माहिती वित्तीय गुप्तवार्ता विभागास देणे त्यांच्यावर बंधनकारक झाले. त्याच सुमारास राजसत्तेने स्वतःचे अंकरूप चलनही काढले. १ नोव्हेंबर २०२२ रोजी घाऊक व १ डिसेंबर २०२२ रोजी किरकोळ व्यवहारांसाठी डिजिटल रुपयाचा प्रयोग सुरू झाला.

या सर्वांत भरपाईचा प्रश्न कोठेच नाही. तो १८ जुलै २०२४ रोजी उभा राहिला. वझीरएक्स या विनिमयगृहातून त्या दिवशी सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची कूटचलने चोरीस गेली. चोरी एका प्रकारच्या नाण्यांची झाली होती. परंतु तोटा सर्व ग्राहकांत विभागण्याची योजना पुढे आली आणि तिचा निवाडा सिंगापूरच्या न्यायालयात झाला, कारण मूळ कंपनी तेथील होती. चोरीस न गेलेली निराळी नाणी ज्यांच्या खात्यात होती अशा एका ग्राहकाने मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या न्यायालयाने कूटचलन ही मालमत्ता आहे, ती बाळगता येते व दुसऱ्याकडे विश्वस्त म्हणून ठेवता येते, असे म्हणून ग्राहकास अंतरिम संरक्षण दिले. पेवाच्या भाषेत सांगावयाचे तर एका पेवात पाणी शिरले म्हणून शेजारच्या पेवातील हळद वाटून घेता येणार नाही, असा या निर्णयाचा अर्थ होतो. मात्र हे तत्त्व अधिनियमातून आलेले नाही. एका ग्राहकाने न्यायालयाचा दरवाजा ठोठावला म्हणून ते सांगितले गेले.

युरोपीय संघाने २०२३ मध्ये संमत केलेला व डिसेंबर २०२४ अखेर पूर्णपणे लागू झालेला नियम येथे तुलनेस घेण्याजोगा आहे. त्यात सेवा देणाऱ्या पेढीस परवाना घ्यावा लागतो, ग्राहकाची मालमत्ता स्वतःच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवावी लागते आणि तिच्या ताब्यातून ती गहाळ झाल्यास ठराविक मर्यादेत भरपाई द्यावी लागते. परवाना, पुस्तके व परतफेड ही तिन्ही अंगे तेथे पुन्हा एकत्र आली आहेत.

७. निष्कर्ष

वरील तीन उदाहरणांतून काही अनुमाने निघतात. पहिले असे की या परिसरात खाजगी मूल्यचिन्ह लोकांनी स्वीकारले ते त्यावरील नावामुळे नव्हे. कस पाहणारा कोणी तरी होता, चूक झाल्यास भरून देणारा कोणी तरी होता आणि तक्रार ऐकणारे ठिकाण होते, म्हणून ते चालले. टांकसाळीत ही कामे सराफ, सनदधारक व सरकार यांच्यात वाटलेली होती. हुंडीत ती शाहाकडे व महाजनांकडे होती. हळदीच्या वायद्यात ती बाजारगृहाकडे व आयोगाकडे आली. यांपैकी एक आधार निखळला की व्यवस्था ढासळली : कृष्णेच्या दक्षिणेस तपासणी नव्हती म्हणून, आणि २०१३ मध्ये मुंबईस देखरेख नव्हती म्हणून.

दुसरे अनुमान बंदीविषयी आहे. १८३५ ते १९३४ या काळातील मनाई यशस्वी झाली ती केवळ शिक्षेच्या भयाने नव्हे. तिच्याबरोबर बट्ट्याच्या जाचातून सोडविणारा एकसारखा रुपया लोकांच्या हाती आला, म्हणून ती टिकली. सुवर्णनियंत्रणाबरोबर असे काहीच आले नाही, म्हणून ते टिकले नाही. डिजिटल रुपया कूटचलनाची जागा घेईल काय, याचा विचार करताना हा भेद विसरता येणार नाही. देवघेवीच्या सोयीसाठी जो कूटचलन घेतो त्याला तो पर्याय ठरू शकेल. भाववाढीच्या आशेने घेणाऱ्याला ठरणार नाही.

तिसरे अनुमान सर्वांत महत्त्वाचे. पेशवाईतील सनदेत कर, मान्यता व तपासणी ही एकत्र होती. आजच्या भारतीय कायद्यात कर आहे, ओळख पटविण्याची सक्ती आहे, परंतु मान्यता नाही आणि कसाची तपासणी नाही. शाहाचे अर्धे दायित्व, म्हणजे नाव सांगण्याचे, विनिमयगृहावर टाकण्यात आले आहे. उरलेले अर्धे, म्हणजे परत करण्याचे, कोणत्याही अधिनियमाने टाकलेले नाही. त्यामुळे विटा अथवा कराड येथील एखाद्या लहान गुंतवणूकदाराने व्यवहार केल्यास सरकारास त्याचा नफा दिसतो, त्याचे नाव दिसते, परंतु त्याचे द्रव्य बुडाल्यास तो कोणापुढे उभा राहील हे निश्चित सांगता येत नाही. हलक्या रुपयाचा बट्टा पूर्वी ज्याच्या पदरी पडत असे, त्याच वर्गाच्या पदरी तो आजही पडत आहे. कूटचलन हे चलन आहे की नाही, हा वाद चालत राहील. त्याचा निकाल लागेपर्यंत, ज्या पेढीने दुसऱ्याची मालमत्ता ताब्यात घेतली तिने ती वेगळी ठेवावी, मोजून दाखवावी व गहाळ झाल्यास भरून द्यावी, एवढे बंधन घालण्यास त्या वादाच्या निकालाची आवश्यकता नाही. हुंडीच्या बाबतीतही ती लागली नव्हती.